छोटी गाडी किती लाख किलोमीटर धावते?

न्यूझीलंडमध्ये वर्तमानपत्रे पोहोचवणाऱ्या एका मोटारीने २०२२ साली वीस लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला. गाडी कोणती, तर १९९३ सालची टोयोटा कोरोला स्टेशन वॅगन. जपानमध्ये वापरून झालेली ही गाडी मालकाने २००० साली घेतली तेव्हा तिचे रनिंग ८० हजार होते. पुढची बावीस वर्षे ती वेलिंग्टन आणि न्यू प्लिमथ या दोन शहरांमधल्या रस्त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाहत राहिली. इंजिन मूळचेच, गिअरबॉक्सही मूळचाच. दर पंधरवड्याला सर्व्हिसिंग व्हायचे आणि लाख किलोमीटर झाले की टायमिंग बेल्ट बदलला जायचा. असे वीसेक बेल्ट तिने संपवले.

वीस लाख हा आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही. घरची गाडी आपल्याकडे वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालते. त्या गतीने हे अंतर कापायला पावणेदोनशे वर्षे लागतील. लिटरमागे १४ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज धरले तर तिने १ लाख ४० हजार लिटरहून जास्त पेट्रोल जाळले असणार, म्हणजे २० हजार लिटरचे सात टँकर. आणि कोरोला ही काही हातांनी घडवलेली, निवडक लोकांसाठीची गाडी नव्हे. जगात सर्वाधिक खपलेल्या मोटारींत तिचे नाव येते. कारखान्यातून एकीमागून एक निघालेल्या लाखो गाड्यांपैकीच ही एक.

आपल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र एक लाख किलोमीटर ही जणू लक्ष्मणरेषा आहे. काटा लाखापलीकडे गेलेला दिसला की गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. मीटर मागे फिरवून देणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. मग वीस लाखांची कोरोला हा निव्वळ दैवाचा खेळ मानायचा का? तसे मानता येत नाही, कारण ती एकटी नाही.

या विषयातले सर्वांत गाजलेले नाव आहे अर्विन गॉर्डन, ऊर्फ अर्व्ह गॉर्डन. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ते शाळेत विज्ञान शिकवत. ३० जून १९६६ या दिवशी त्यांनी लाल रंगाची व्होल्वो पी-१८००एस घेतली. किंमत ४,१५० डॉलर, म्हणजे जवळपास त्यांचा वर्षभराचा पगार. दोन दारांची ही गाडी आजच्या होंडा सिटीपेक्षाही आखूड आहे. गॉर्डन यांना ती इतकी आवडली की शनिवार-रविवारी ते नुसते फिरतच राहिले, आणि सोमवारी दीड हजार मैलांच्या पहिल्या सर्व्हिसिंगसाठी पुन्हा शोरूमच्या दारात हजर झाले.

त्यांची शाळा घरापासून लांब होती. जाऊन-येऊन रोजचे १२५ मैल, म्हणजे २०० किलोमीटर. बाकी वेळी हिंडण्याची हौस. दहा वर्षांत पाच लाख मैल झाले आणि १९८७ मध्ये दहा लाख. १९९८ साली गिनेस बुकाने १६ लाख ९० हजार मैलांवर विक्रमाची नोंद केली, खासगी वापरातल्या गाडीने कापलेले सर्वाधिक अंतर म्हणून. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये वीस लाख मैल पुरे झाले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कात, गर्डवूड गावाजवळ, तीस लाख. २०१८ मध्ये गॉर्डन वारले तेव्हा गाडी ३२ लाख मैलांच्या पुढे गेलेली होती. किलोमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ५२ लाख.

गॉर्डन यांच्याकडे कुठली गुप्त विद्या नव्हती. गाडीसोबत मिळालेले पुस्तक ते वाचत आणि त्यात लिहिले आहे तसे वागत. दर तीन-साडेतीन हजार मैलांनी इंजिन ऑइल बदलायचे, फिल्टर अस्सल कंपनीचा घालायचा, बारीकसा वेगळा आवाज आला तरी त्याच आठवड्यात बघायचा. पुस्तक आपल्यालाही मिळते. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकसकट तसेच पडून असते, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या गाडीचे इंजिन पहिल्यांदा खोलले गेले ते ६ लाख ८० हजार मैलांना, म्हणजे जवळजवळ ११ लाख किलोमीटरनंतर. व्होल्वोचे हे बी-१८ इंजिन १.८ लिटरचे, ओतीव लोखंडाचे, काहीसे अवजड. क्रँकशाफ्टला पाच बेअरिंगांचा आधार. कॅमशाफ्ट फिरवायला रबरी बेल्ट नव्हता, थेट गिअर होते. पिस्टनची एक फेरी ८० मिलिमीटरची. आता जरा हिशेब करू. ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेते असे धरले, तर ११ लाख किलोमीटरमध्ये क्रँकशाफ्ट दोनशे कोटींहून अधिक वेळा फिरला. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली. या येरझाऱ्यांची बेरीज होते सव्वातीन लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे लोखंडी नळकांड्यात आठ-आठ सेंटिमीटर वर-खाली करत पिस्टनने चंद्राची बरीचशी वाट उरकली, आणि तोवर इंजिनाला पाना लागला नव्हता.

लोखंडावर धातू इतका घासला गेला तर तो शिल्लक कसा राहिला? खरे आश्चर्य इथेच आहे. चालत्या इंजिनात मुख्य बेअरिंगांचा धातू धातूला जवळपास लागतच नाही. क्रँकशाफ्ट फिरू लागला की स्वतःच्या गतीने तो ऑइल आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो. भर पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीचे टायर रस्त्यावरच्या पाण्यावर चढतात, त्यातलाच हा प्रकार; फक्त इथे तो हवाहवासा असतो. हा थर असतो काही मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. पण तेवढा थर टिकून आहे तोवर झीज नगण्य असते.

थर नसतो तो स्टार्टर मारल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत. रात्रभर उभ्या गाडीतले ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये जमा झालेले असते. पंपाने ते वर चढवेपर्यंत शाफ्ट, बेअरिंग, कॅम हे सगळे जुन्या ओलाव्यावर भागवतात. त्यात गार इंजिनाला पेट्रोल जास्त द्यावे लागते. त्यातले सगळे जळत नाही. उरलेले सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि रिंगांच्या फटीतून खाली उतरून चेंबरमधल्या ऑइलात मिसळते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. गार असेल तर त्यातले काही आतच साचते. थंडीच्या सकाळी गाड्यांच्या सायलेन्सरमधून टपटपणारे पाणी ते हेच. ते पाणी सायलेन्सर आतून सडवते, आणि ऑइलात उतरलेले पाणी जळणातून आलेल्या आम्लांबरोबर बेअरिंगांवर काम करत राहते.

टेंपरेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले, हा समज अर्धा खरा आहे. तो काटा कूलंटचा. ऑइल पुरते तापायला त्यानंतरही बरेच किलोमीटर जावे लागतात. मुलाला शाळेत सोडायचे, भाजी घ्यायची आणि परत यायचे, अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाडीचे ऑइल आठवडे-आठवडे पुरेसे तापतच नाही. वीस लाखवाल्या कोरोलाचे नेमके उलट होते. एकदा सुरू झाली की तासन् तास एका वेगाने, टॉप गिअरमध्ये, गरम इंजिनाने धावायची. क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स यांनाही अशा रस्त्यावर काम कमी पडते.

म्हणूनच मला वाटते, मोटारीचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजण्याची आपली सवयच फसवी आहे. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर तासांचे मीटर असते. जेसीबी असो की जनरेटर, तिथेही ऑइल तासांवर बदलतात. मोटारीला तोच न्याय लावून पाहा. वीस लाख किलोमीटर ताशी ८० च्या सरासरीने कापले तर इंजिन २५ हजार तास चालले. हेच अंतर ताशी २० ने, दादरच्या किंवा स्वारगेटच्या रहदारीत कापायचे तर एक लाख तास लागतील. शिवाय सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन चालू असते आणि किलोमीटरचा आकडा हलत नाही. एक लाख किलोमीटर शहरात झालेली गाडी आणि चार लाख किलोमीटर महामार्गावर झालेली गाडी, दोघींची इंजिने तासांत जवळपास सारखीच चाललेली असू शकतात.

दोन्ही तऱ्हेची इंजिने खोललेली पाहिली की फरक डोळ्यांना दिसतो. हेड उतरवले की सिलिंडरची भिंत उघडी पडते. कारखान्यात होनिंग करताना या भिंतीवर मुद्दाम बारीक, तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा पाडलेल्या असतात; त्यांत ऑइल धरून राहते. लांब पल्ल्यावर चाललेल्या आणि ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात या रेषा तीन-तीन लाखांनंतरही पुष्कळदा शाबूत दिसतात. हयगय झालेल्या इंजिनात भिंत गुळगुळीत, चकचकीत झालेली असते. वरच्या टोकाला, जिथे सर्वांत वरची रिंग पोहोचत नाही तिथे, न झिजलेल्या धातूची एक कड उरते. मेकॅनिक तिथे नख अडकते का ते पाहतो. नख अडकले की बोअर करण्यावाचून गत्यंतर नसते. मग बेअरिंगच्या वाट्या. बऱ्याच इंजिनांत त्यांचा वरचा पातळ थर राखाडी असतो आणि खाली तांब्याचा मिश्रधातू. वाटीच्या मध्यभागी तांबूस डाग उघडा पडला असेल तर ऑइलचा थर कधीतरी तुटला होता हे वेगळे सांगायला नको.

ऑइलबद्दल एक गैरसमज जाता जाता दूर केला पाहिजे. ऑइल काळे झाले म्हणजे ते निकामी झाले असे नाही. ऑइलात धुण्याची रसायने असतात आणि ती काजळी पोटात घेतात म्हणूनच ते काळे पडते. डिझेल गाडीत तर नवे ऑइल चार दिवसांत काळे होते. रंगावर जाऊ नये. किलोमीटर आणि महिने, यांतले जे आधी पुरे होईल त्यावर बदलावे. वर्षात तीनच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीलाही वर्षाकाठी नवे ऑइल लागते, किंबहुना तिला त्याची गरज जास्त असते.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका बाईंची २०१३ सालची ह्युंदाई एलांट्रा या बाबतीत बोलकी आहे. त्यांचे काम गाड्यांचे सुटे भाग ठिकठिकाणी पोहोचवण्याचे. पाच वर्षांत त्यांनी दहा लाख मैल, म्हणजे १६ लाख किलोमीटर गाडी चालवली. रोजची सरासरी पडते सुमारे ८८० किलोमीटर. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याहून जास्त, दररोज, पाच वर्षे. ऑइल त्या दर दोन आठवड्यांनी बदलत. गंमत अशी की गाडीच्या मीटरला आकडे सहाच होते. ९,९९,९९९ ला ते थांबले. कंपनीला आधी खरेच वाटेना. सर्व्हिसिंगचे कागद आणि इंजिनवरचा शिक्का तपासून झाल्यावर २०१८ साली कंपनीने हा विक्रम मान्य केला, मीटरशेजारी लावायला खास ‘१ एम’ असे चिन्ह बनवून दिले, वर एक नवी एलांट्राही दिली.

शहरात पिचूनही दीर्घकाळ जगलेल्या गाडीचे उदाहरण हवे असेल तर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी घ्यावी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. मूळ इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून निघू लागली, मग ‘प्रेसिडेंट’ झाली आणि सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’. इंजिन १,०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. टॅक्सी म्हणून तिला विश्रांती कसली ती नव्हती. दिवसपाळीचा ड्रायव्हर उतरला की रात्रपाळीचा बसायचा.

हे इंजिन वीस लाख किलोमीटर न उघडता चालण्यातले अजिबात नव्हते. पद्मिनी टिकली ती वेगळ्याच कारणाने. तिचे काम कुणालाही करता यायचे. बोअर-पिस्टन करून इंजिन पुन्हा उभे राहायचे, कार्ब्युरेटर रस्त्याच्या कडेला खोलून साफ व्हायचा, सुटा भाग नवा नाही मिळाला तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळायचा. पुढे टॅक्सीत सीएनजी आला. सीएनजी ऑइल धुऊन काढत नाही, त्यामुळे ऑइल स्वच्छ राहते. मात्र कोरड्या वायूने व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात, तेव्हा हेडचे काम वाढले. तेही मेकॅनिक मंडळी शिकली. त्यांच्याइतकी हुशारी कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत दिसली नाही.

पद्मिनीचा शेवट झाला तो कॅलेंडरने. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा आधी २५ आणि मग २० वर्षे ठरली. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. त्यावरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या टॅक्सींतून कायमची गेली. पासिंगला इंजिन कसे चालते याचा प्रश्नच उरला नव्हता.

इंजिन पुन्हा बांधता येते, बदलताही येते. ग्रीसमधल्या थेसालोनिकीचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांच्या १९७६ सालच्या मर्सिडीझ २४०डी ने ४६ लाख किलोमीटर कापले, ते तीन इंजिने आलटून पालटून बसवत. २००४ मध्ये ती गाडी कंपनीच्या संग्रहालयात गेली. गाडी आकाराने छोटी नव्हे, पण मुद्दा छोट्या गाडीलाही लागू आहे. इंजिन बदलूनही ती ‘तीच’ गाडी कशी, असे कुणी विचारेल. कायद्यापुरते उत्तर सोपे आहे. आपल्या आरटीओतही इंजिन बदलले तर आरसी बुकात नवा नंबर चढवून घेता येतो. गाडीची ओळख असते ती चेसिस नंबर.

आणि हा नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला असतो तो पत्राच छोट्या गाडीचा खरा वैरी. जुन्या जीपला किंवा ट्रकला वेगळी चेसिस असते, वरची बॉडी बदलता येते. छोट्या मोटारीत पत्रा हाच सांगाडा. तो सडला की बाकी सगळे ठणठणीत असूनही उपयोग नसतो. गंज सुरू होतो तो न दिसणाऱ्या जागी: दरवाज्याच्या तळाशी पाणी जाण्याची भोके कचऱ्याने बुजली की आत, फूटमॅटखाली, जॅक लावण्याच्या जागी. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत पाच वर्षांची गाडी खालून जे रूप दाखवते ते सोलापूरची पंधरा वर्षांची गाडी दाखवणार नाही. ऐंशीच्या दशकापासून पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत वाढली. त्याने गाड्यांचे आयुष्य वाढले, आणि त्याचे श्रेय लोक उगाच इंजिनाला देतात.

बहुतेक गाड्या भंगारात जातात त्या मात्र गंजानेही नव्हे, हिशेबाने. गाडीची किंमत सव्वा लाख आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम ऐंशी हजार, अशा वेळी भावनेला जागा नसते. खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांची. त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते. पण महाराष्ट्रात पर्यावरण कर, विम्याची कटकट आणि शेजाऱ्याची नवी एसयूव्ही, या सगळ्यांपुढे ठणठणीत गाडीचाही टिकाव लागत नाही.

तेव्हा जुनी छोटी गाडी घ्यायला जाल तेव्हा मीटरवरचा आकडा शेवटी बघा. सहा वर्षांत दीड लाख झालेली, पुणे-कोल्हापूर करणाऱ्या एखाद्या प्रतिनिधीची गाडी, सर्व्हिसिंगचे सगळे कागद असलेली. आणि बारा वर्षांत तीस हजार झालेली, सोसायटीत झाकून ठेवलेली गाडी. मी पहिली घेईन. दुसरीचे ऑइल कधी बदलले होते हे मालकालाही आठवत नसते आणि तिचे रबरी नळ, सील व टायर वयाने कडक झालेले असतात. टायमिंग बेल्ट असलेले इंजिन असेल तर तो कधी बदलला याचे बिल मागावे. पुष्कळशा इंजिनांत हा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळे इंजिन हातचे जाते. ऑइल टाकायचे झाकण उघडून आतल्या बाजूला दुधट पिवळा थर आहे का ते बघावे; असल्यास गाडी छोट्या खेपांवर जगलेली असते, नाहीतर हेड गॅस्केट गेलेले असते. वेग वाढवताना निळसर धूर मारत असेल तर ती ऑइल खाते. आणि बघायला जायचे ते सकाळी, विकणाऱ्याने गाडी सुरू करण्याआधी. बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करून मगच किल्ली फिरवायला सांगावी.